एका आगगाडीचे दोन वारस

जगातील बहुतेक कलह द्रव्यासाठी किंवा द्वेषापायी होतात, असा सामान्य समज आहे आणि तो पुष्कळ अंशी खराही आहे. परंतु प्रेमापायीही कलह होतात, आणि ते अधिक चिवट असतात. द्रव्यासाठी भांडणारा मनुष्य पदरात थोडे पडले म्हणजे घरी जातो. पण एखाद्या वस्तूवर जीव लावून बसलेल्या मनुष्याची समजूत कशाने घालावी? अशाच एका कलहाची हकीकत आज शाळेच्या वार्षिकाच्या वाचकांपुढे मांडण्याचा विचार आहे. ती वेल्स या डोंगराळ देशातील एका लहानशा आगगाडीची आहे. 2015 सालच्या उन्हाळ्यात मी मुलाकडे मँचेस्टर येथे राहावयास गेलो असता त्या गाडीतून प्रवास करण्याचा योग आला, आणि परत आल्यावर तिचा इतिहास वाचण्याचा मला नादच लागला.

आमच्या पिढीने ज्या पाटीवर मुळाक्षरे गिरविली, त्या जातीच्या दगडाचे वेल्सच्या उत्तर भागात डोंगरच्या डोंगर आहेत. तिकडे या दगडाच्या पातळ फरशांनी घरांची छपरे शाकारतात. ब्लायनाय फेस्टिनियॉग या खाणीच्या गावाहून हा दगड पोर्थमॅडॉगच्या बंदरात नेण्यासाठी 1836 साली एक अगदी अरुंद लोहमार्ग सुरू झाला. त्याच्या दोन रुळांतील अंतर एक फूट साडेअकरा इंच, म्हणजे मांडी घालून बसलेल्या माणसाला जेमतेम पुरेल एवढे! आरंभी भरलेल्या गाड्या उतारावरून आपल्याच वजनाने खाली येत आणि रिकाम्या गाड्या घोडे वर ओढून नेत. 1863 साली या मार्गावर वाफेची इंजिने आली. इतक्या अरुंद मार्गावर वाफेचे इंजिन चालू शकेल, असे तोवर फार थोड्यांना वाटत होते. त्यामुळे 1870 साली तेथे झालेल्या चाचण्या पाहण्यास रशियासारख्या दूरदेशाहूनही जाणती मंडळी आली होती. ही फेस्टिनियॉग रेल्वे आमच्या कथेतील थोरली बहीण होय.

धाकट्या बहिणीचे नशीब मात्र जन्मापासूनच खोटे. जुन्या अर्धवट मार्गांचे तुकडे जोडून पोर्थमॅडॉगपासून स्नोडन पर्वताच्या पायथ्याने डिनासपर्यंत जाणारी वेल्श हायलंड रेल्वे 1923 साली पुरी झाली. रुळांची रुंदी थोरलीइतकीच. परंतु तोवर रस्त्यांवर मोटारी धावू लागल्या होत्या, आणि चारच वर्षांत या कंपनीचा कारभार रिसीव्हरच्या हाती गेला. 1934 साली फेस्टिनियॉग कंपनीने हा मार्ग भाडेपट्ट्याने चालवावयास घेतला. तथापि 1936 साली उतारूंच्या गाड्या आणि पुढील वर्षी मालाच्या गाड्याही बंद झाल्या. महायुद्धात लोखंडाची टंचाई पडली तेव्हा, 1941 साली, सरकारने रूळ उखडण्यास आरंभ केला. 1944 साली कंपनी मोडीत निघाली. मागे राहिली ती केवळ रुळांखालची जमीन. जी जमीन कायद्याने लोहमार्गासाठी राखलेली, ती सुखासुखी विकता येईना. म्हणून कागदोपत्री ती पुढे कित्येक दशके सरकारी अधिकाऱ्याच्या ताब्यात पडून राहिली. बोगद्यांतून पाणी ठिबके, पुलांना गंज चढे, आणि गावकरी त्या वाटेने फिरावयास जात.

थोरलीही 1946 साली बंद पडली होती. परंतु वेल्समध्येच 1951 साली टॅलिथलिन नावाच्या मार्गावर एक नवल घडले. रेल्वेवर प्रेम करणाऱ्या साध्या नागरिकांनी, वेतन न घेता, बंद पडू पाहणारी गाडी स्वतः चालवून दाखविली. जगात असा हा पहिलाच प्रयोग होता. त्याचा कित्ता गिरवून 1954 साली ॲलन पेग्लर नावाच्या गृहस्थाने फेस्टिनियॉग कंपनीचे बहुसंख्य भाग मिळविले, आणि पुढे ते स्वतःच्या नावावर न ठेवता एका धर्मादाय न्यासाच्या स्वाधीन केले. 1955 साली गाडी पुन्हा धावली. पुढे वीजनिर्मितीच्या तलावाने मार्गाचा एक भाग बुडविला, तेव्हा या मंडळींनी डोंगरातून नवा मार्ग खणला आणि 1982 साली गाडी पुन्हा ब्लायनायपर्यंत नेली.

येथे या संस्थांची घडण ध्यानी घेतली पाहिजे, कारण साऱ्या कलहाचे मूळ तीत आहे. मार्गाची मालकी कंपनीची, कंपनीवर अधिकार न्यासाचा, आणि फावडे हाती घेऊन राबणारे लोक सभासदमंडळाचे. पगारी नोकर थोडे, स्वेच्छेने येणारे पुष्कळ. अशा ठिकाणी खरा धनी कोण? ज्याच्या नावावर कागद आहे तो, ज्याने पैसा घातला तो, की ज्याने पावसात उभे राहून रूळ बसविले तो? तिघेही म्हणतात, ‘आम्ही.’ आणि तिघांचेही म्हणणे थोडे थोडे खरे असते. बारभाईंच्या कारभाराची ही अडचण आपल्याला काही नवी नाही.

धाकटीलाही चाहते मिळाले होते. 1961 साली काही उत्साही मंडळी एकत्र आली आणि 1964 साली त्यांनी एक कंपनी स्थापिली. मृत मार्ग पुन्हा जिवंत करावा, एवढा एकच त्यांचा हेतू. पण जमीन सरकारी अधिकाऱ्याच्या ताब्यात, आणि वाटाघाटी संपता संपेनात. अखेर त्यांनी पोर्थमॅडॉग येथे दुसरीच थोडी जागा मिळवून 1980 साली मैलभरही नसलेल्या मार्गावर गाडी सुरू केली. जुन्या मार्गावरचे ‘रसेल’ नावाचे एकच इंजिन भंगारातून वाचले होते. ते दुरुस्त करून 1987 साली पुन्हा वाफेवर आणले. बावीस मैलांच्या आशेवर मैलभर गाडी चालवीत राहणे, यास केवढी श्रद्धा लागत असेल!

आणि मग गुप्त गोष्ट उघडकीस आली. 1990 सालच्या सुमारास लोकांस असे कळले की, मृत मार्गाची जमीन विकत घेण्यासाठी सरकारी अधिकाऱ्याकडे कोणी निनावी गिऱ्हाईक गेले होते, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे शेजारचीच फेस्टिनियॉग कंपनी. हेतू काय, तर त्या जागी पुन्हा लोहमार्ग होऊ नये! गाव एक, रुळांची रुंदी एक, येणारे प्रवासी तेच. धाकटी उठून उभी राहिली तर थोरलीच्या ताटातील घास जाईल, ही भीती. स्वतः मरणाच्या दारातून परत आलेल्या संस्थेने शेजारणीचे दार बाहेरून बंद करू पाहावे, हे वाचून मी पुस्तक मिटून काही वेळ स्वस्थ बसलो.

परंतु कथेला येथे विलक्षण वळण लागले. फेस्टिनियॉगच्या कारभाऱ्यांत बदल झाला आणि त्यांचे धोरणही पालटले. मार्ग बंद ठेवण्याऐवजी तो आपणच पुरता बांधावा, थेट कार्नार्व्हनच्या किल्ल्यापर्यंत न्यावा, असे त्यांनी जाहीर केले. 1964 च्या कंपनीला हे कसे रुचावे? काल जो गळा दाबावयास निघाला होता, तो आज पालक म्हणून पुढे येत होता. ग्विनेथ परगण्याची कौन्सिल, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखी संस्था, 1964 च्या कंपनीच्या बाजूस होती. जमीन कौन्सिलने घ्यावी आणि मार्ग या कंपनीने बांधावा, अशी त्यांची योजना होती. 1993 साली जाहीर चौकशी झाली. चौकशी अधिकाऱ्याने आपला कौल कौन्सिलच्या बाजूने दिला. परंतु अंतिम निर्णय वाहतूक खात्याचे मंत्री जॉन मॅक्ग्रेगर यांच्या हाती होता, आणि 1994 साली त्यांनी चौकशी अधिकाऱ्याचे मत बाजूस सारून फेस्टिनियॉगच्या पारड्यात निर्णय टाकला.

शलमोन राजापुढे एकाच मुलासाठी भांडत आलेल्या दोन स्त्रियांची कथा आपण शास्त्रपाठाच्या तासाला ऐकली आहे. मुलाचे दोन तुकडे होऊ नयेत म्हणून जी हक्क सोडावयास तयार झाली, तिला राजाने खरी आई ठरविले. या कसोटीने पाहिले तर मूल 1964 च्या कंपनीस मिळावयास हवे होते, कारण ते जगावे अशी आस तिनेच तीस वर्षे धरली होती. पण मिळाले ते जिने एकदा त्याचे जगणे नको म्हटले होते तिला. आणि सर्वांत चमत्कारिक गोष्ट ही की, त्याच आईने ते मूल वाढविले, धष्टपुष्ट केले. शलमोनाचे शहाणपण एका दिवसाच्या न्यायास पुरले. येथे मात्र निवाडा झाल्यानंतरच्या वर्षांवर सारे अवलंबून होते.

या ठिकाणी मला माझ्या गावचे एक वाचनालय आठवते. माझ्या वडिलांनी हयातभर जमविलेला ग्रंथसंग्रह त्या वाचनालयास दिला होता. मी नुकताच शिक्षक झालो होतो तेव्हा तेथील कार्यकारी मंडळात दोन तट पडले. दोन्ही तटांत वाचनाची खरी आवड असलेली, गावात मान असलेली माणसे होती. किल्ली कोणाकडे असावी यावरून वाद झाला. एकाने कुलूप घातले, दुसऱ्याने त्यावर आपले घातले, आणि प्रकरण कचेरीत गेले. निकाल लागावयास सहा वर्षे लागली. कुलपे निघाली त्या दिवशी मीही तेथे उभा होतो. कपाटे बाहेरून जशीच्या तशी होती. परंतु पुस्तकाला हात लावताच मातीचा चुरा हाती येई. वाळवीने दोन्ही पक्षांचा माल सारख्याच निष्ठेने खाल्ला होता. वडिलांच्या हस्ताक्षरात समासातील टिपणे असलेला एक ग्रंथही शिल्लक राहिला नाही. जो तट जिंकला, त्याच्या हाती काय आले, तर एक इमारत आणि दोन कुलपे.

म्हणून वेल्सच्या इतिहासातील एका गोष्टीचे मला सर्वांत अधिक मोल वाटते, आणि ती कोणत्याही निवाड्यात नाही. भांडण ऐन रंगात असतानाही तेथे काम बंद पडले नाही. वकील चौकशीपुढे भाषणे करीत होते, वृत्तपत्रांत पत्रे झडत होती. पण त्या काळातही थोरलीच्या गाड्या ठरल्या वेळी ब्लायनायला जात होत्या आणि मैलभराच्या मार्गावर 1964 च्या मंडळींचीही गाडी धावत होती. बंबात कोळसा पडत होता, सांध्यांत तेल घातले जात होते. कुलूप असे कोणीच घातले नाही. त्यामुळे निकाल लागला तेव्हा जिंकणाऱ्यास चालते काम मिळाले आणि हरणाऱ्याच्या हातची विद्याही गेली नाही.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय लॉटरीच्या उत्पन्नातून मिळालेल्या 43 लक्ष पौंडांच्या साह्याने काम सुरू झाले, आणि 1997 साली कार्नार्व्हन ते डिनास हा पहिला टप्पा खुला झाला. जानेवारी 1998 मध्ये दोन्ही पक्षांनी लेखी करार केला. उत्तरेकडून फेस्टिनियॉगने बांधीत यावे आणि दक्षिणेकडे पोर्थमॅडॉगपासूनच्या तुकड्यावर 1964 च्या कंपनीने रूळ टाकावेत, असा त्याचा आशय. विरोध मात्र संपला नव्हता. शेतकऱ्यांची तक्रार होती, आणि बोगद्यांतून फिरावयास जाणाऱ्या पदयात्रींचीही होती. पुन्हा चौकशी झाली आणि 1999 साली सरकारने उरलेल्या मार्गास मान्यता दिली. 2003 साली गाडी स्नोडनच्या पायथ्याशी आली. 2004 साली वेल्सच्या विधिमंडळाकडून 50 लक्ष पौंडांचे साह्य मिळाले. लोकांनीही देणग्या दिल्या. 2011 साली पोर्थमॅडॉग ते कार्नार्व्हन हा पंचवीस मैलांचा मार्ग पूर्णपणे सुरू झाला. शेवटची गाडी गेल्यास तेव्हा पाऊणशे वर्षे होत आली होती.

दोन्ही पक्षांनी रूळ टाकले तेव्हा ते एकमेकांस जुळविण्यासाठी कोणालाही एक इंचही सरकावे लागले नाही. माणसांच्या मनांत एवढे अंतर पडले होते, पण रुळांतील अंतर दोहोंकडे पूर्वीपासून एकच होते.

मी गेलो तेव्हा गाडीस गॅरट जातीचे इंजिन होते. या इंजिनाचा बंब मध्ये आणि चाकांचे दोन संच दोन टोकांस, त्यामुळे ते अवघड वळणावरून जनावराने अंग मोडावे तसे वळते. आपल्याकडे बंगाल-नागपूर रेल्वेवर याच घडणीची प्रचंड इंजिने मालगाड्या ओढीत असत. वेल्समधील ही इंजिने दक्षिण आफ्रिकेतून निवृत्त होऊन आलेली. स्टेशन सोडल्यावर गाडी गावच्या रस्त्यावरील पुलावरून मोटारींच्या बरोबरीने गेली, आणि लवकरच मोठ्या रेल्वेचे रूळ तिने तेथल्या तेथे, सपाटीवरच ओलांडले. खडखडाट झाला तसा डब्यातील एका पोराने टाळ्या पिटल्या. पुढे आबरग्लासलिनच्या खिंडीत एका बाजूस फेसाळ नदी आणि दुसऱ्या बाजूस काळा कडा. बोगद्यांत शिरताच खिडकीतून धुराचा तो वास आत आला, जो आमच्या लहानपणी प्रत्येक प्रवासाचा आरंभ असे. डब्यात चहा देणाऱ्या वृद्ध बाई निवृत्त परिचारिका होत्या. स्वखर्चाने येऊन आठवडाभर त्या हे काम करीत होत्या.

वाटेत बेथगेलर्ट नावाचे गाव लागते. या नावाचा अर्थ गेलर्टची समाधी. लिवेलिन राजाने पाळण्याजवळ रक्ताने माखलेला आपला कुत्रा पाहिला, त्यानेच बाळ खाल्ले असे समजून त्याला ठार केले, आणि नंतर पाळण्याखाली हसणारे बाळ व शेजारी मेलेला लांडगा दिसला, अशी दंतकथा आहे. आपल्या पंचतंत्रातील मुंगसाची गोष्ट हुबेहूब हीच! कलहात असलेल्या दोन पक्षांना हे गाव मध्यावर मिळावे, हा योगच म्हणावयाचा. एकमेकांच्या तोंडास लागलेले रक्त पाहून घाईने निर्णय करावयाचा नसतो, हे ते गाव येणाऱ्याजाणाऱ्यास सांगत असते.

मग सर्व गोड झाले काय? तसे म्हणणे खरेपणाचे होणार नाही. 1964 च्या मंडळींनी सारा मार्ग आपल्या हातांनी बांधण्याचे स्वप्न पाहिले होते. मी गेलो तेव्हा त्यांची गाडी पोर्थमॅडॉगच्या एका कोपऱ्यात मैलभराच्या मार्गावरच फिरत होती. तारुण्यात फावडे घेऊन आलेल्या कित्येकांना पांढऱ्या केसांनी दुसऱ्याच्या निशाणीखालची गाडी आपल्या स्वप्नातल्या मार्गावरून जाताना पाहावी लागली असेल. त्यांचे दुःख कोणत्याही करारात लिहिलेले नाही. ज्यांना श्रेय मिळाले त्यांनी ते विसरू नये, एवढेच म्हणता येते. त्यांच्याही ‘रसेल’ इंजिनास 2014 साली पुन्हा नवे आयुष्य मिळाले, आणि ते मैलभराच्या मार्गावरही तितक्याच डौलाने शिटी देऊ लागले.

विद्यार्थिमित्रहो, शाळा सोडल्यावर तुमच्यापैकी बहुतेकांना केव्हा ना केव्हा एखाद्या मंडळाचे, मंडळीचे, पतपेढीचे, वाचनालयाचे काम पाहावे लागेल. तेथे तुमच्याइतकेच प्रेम करणारा दुसरा कोणी असेल आणि त्याचे मत तुमच्याहून निराळे असेल. वाद घाला, मत असणाऱ्याला वाद टळत नाही. जे ठरेल ते कागदावर उतरवा आणि दोघांच्या सह्या घ्या. कोणता तुकडा कोणी बांधावयाचा, हे वाटून घ्या. पण वाद कितीही वाढो, कुलूप मात्र घालू नका. सकाळी दार उघडणारा, दिवा लावणारा, पुस्तक झटकणारा, बंब पेटविणारा कोणी तरी रोज तेथे असला पाहिजे, मग तो कोणत्याही तटाचा असो. निकाल आज ना उद्या लागतोच. वाळवी मात्र निकालाची वाट पाहत नाही.